तिचं माहेर कुठलं?

मैत्रिणींनो, तुमच्या वडिलांच्या आजीचं नाव तुम्हाला सांगता येईल का? सासरचं नव्हे हं, माहेरचं. ती कुठल्या गावची, कुणाची लेक, हे? मी परवा शाळेत मधल्या सुट्टीत हाच प्रश्न विचारला. आम्ही सहाजणी डबा खात बसलो होतो. सगळ्या शिकलेल्या, रोज मुलांना इतिहास शिकवणाऱ्या. पणजोबांचं नाव पाचजणींनी झटकन सांगितलं. पणजीचं माहेर एकीलाही सांगता आलं नाही. मलाही नाहीच.

हा प्रश्न माझ्या डोक्यात घातला तो माझ्या एका कॉलेजमैत्रिणीनं. ठाण्याला बी.ए.ला आम्ही एका बाकावर बसायचो. ती बेने इस्रायली, म्हणजे आपल्या कोकणातली मराठी ज्यू. लग्न होऊन इस्रायलमध्ये अश्दोदला गेली त्याला पंधरा वर्षं झाली. पण ठेच लागली की तोंडातून अजून "आई गं" असंच येतं. गेल्या फेब्रुवारीत ती लेकीला घेऊन माहेरपणाला यायची होती. निघण्याआधी तिचा फोन आला, "अगं, तुझ्याकडे एक काम आहे. पोयनाडच्या बाजूला एक कबर शोधायची आहे. येशील बरोबर?"

कबर! मी "हो" म्हणून बसले खरी, पण फोन ठेवल्यावर जरा विचारात पडले. आपल्याकडे माणूस गेलं की राख नदीला आणि फोटो भिंतीला. शोधायला जायचं म्हणजे काय, तेच मला ठाऊक नव्हतं.

ज्यांना ही मंडळी माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. फार पूर्वी, त्यांच्या समजुतीप्रमाणे दोन हजार वर्षांपूर्वी, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला एक गलबत फुटलं. त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि कोकणातच राहिल्या. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. आडनावं सगळी गावावरून पडलेली. किहीमचे ते केहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. 'बूट पॉलिश'मधले जॉनचाचा आठवतात ना? ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. मुंबईतलं यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर मराठीत सामाजी हसाजी दिवेकर होते. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं. १९४८ साली इस्रायल झाल्यावर एकेक घर करत बहुतेक मंडळी तिकडे गेली. गावातली घरं विकली, घाणे मोडले. कबरी तेवढ्या नेता येत नाहीत.

आता ही कबर कुणाची, ते ऐका. मैत्रिणीच्या सासूबाई १९६० साली बाराव्या वर्षी आईवडिलांबरोबर इस्रायलला गेल्या. दोन वर्षांनी त्यांच्या थोरल्या बहिणीचं लग्न ठरलं, मुलगा इराकहून आलेल्या ज्यू घराण्यातला. नेमकं त्याच वर्षी, १९६२ साली, तिथल्या मुख्य धर्मपीठानं फर्मान काढलं. बेने इस्रायली मुलगा किंवा मुलगी समाजाबाहेरच्या ज्यूशी लग्न करणार असेल, तर आई, आईची आई, आणखी जितकं मागे जाता येईल तितकं मागे जाऊन त्या ज्यूच होत्या का याची चौकशी करायची. ज्यूंमध्ये धर्म आईकडून येतो ना! लग्न नोंदवणाऱ्यानं विचारलं, "आईची आई कोण? कुणाची मुलगी?"

आणि ते कुणालाच सांगता येईना. कारण ही आजी वारली तेव्हा सासूबाईंची आई आठ वर्षांची होती. पोर वाढली काकूच्या हाताखाली. आजोळचं माणूस पुन्हा कुणी आलं-गेलं नाही. आईचं नाव विचारलं तर ती म्हणायची, "सगळे तिला मोठी वहिनी म्हणत." कोकणात पत्रं टाकली, पण उत्तर द्यायला गावात उरलं होतं कोण? पुढे जेरुसलेममध्ये या लोकांनी धरणं धरलं, संसदेत चर्चा झाली, आणि १९६४ साली फर्मानातून बेने इस्रायलचं नाव काढावं लागलं. लग्न झालं, पण दोन वर्षं लांबून आणि बरीच बोलणी खाऊन. थोरल्या बहिणीनं तेव्हापासून कोकणचं नाव टाकलं. सासूबाईंच्या मनात मात्र ते राहिलंच. आता गुडघे साथ देत नाहीत. म्हणून सून येणार म्हटल्यावर म्हणाल्या, "माझं एक काम करशील? माझ्या आजीला शोधून ये."

शनिवारी त्यांना प्रवास चालत नाही, म्हणून आम्ही रविवार धरला. आदल्या रात्री मैत्रीण माझ्या स्वयंपाकघरात मलिदा करत बसली. पोहे भिजवून त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा आणि वर फळं. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या संदेष्ट्याच्या नावानं हा प्रसाद करतात. आपल्या दडप्या पोह्यांचा गोड भाऊच म्हणा ना. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी घेतली. सकाळी सहाला भिवंडी सोडली. पनवेल, पेण, वडखळ करत पोयनाडच्या पुढे पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, ते त्या घरचं आहे.

गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा जाणवली ती शांतता. आमच्या भिवंडीत रात्रंदिवस मागांचा खडखडाट. कानांना त्याचीच सवय. इथे नुसतं वाळलं गवत सळसळत होतं. कुंपणाची भिंत दोन बाजूंनी बसलेली. आत करवंदीची जाळी, घाणेरी, आणि गवत माझ्या कमरेपर्यंत. त्यात कुठे दगडाचा कोपरा, कुठे खचलेला चौथरा. मला वाटलं होतं, आत शिरलं की ओळीनं नावं वाचत जायचं. प्रत्यक्षात पहिला अर्धा तास कबर कुठली आणि साधा धोंडा कुठला हेच कळेना.

शेजारच्या घरातून एक आगरी आजी बाहेर आल्या. आम्ही कोण, कशाला आलो, ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "शनवार तेल्यांची तुम्ही? लय वर्सांनी आलात." नातवाला हाक मारून त्यांनी कोयता दिला आणि त्यानं तासाभरात वाट मोकळी केली. मी हात धुवायला त्यांच्या मोरीवर गेले. कपडे धुवायचा दगड मोठा, चपटा, कडा घडवलेली. मी खाली वाकून बघितलं तर खालच्या अंगाला अक्षरं! आजींनी माझ्याकडं पाहिलं. "माज्या सासूच्या येलचा हाय तो. वाटेवर परला व्हता, उचलून आनला. आमी काय चोरला नाय." मी काय बोलणार? तो कुणाचा होता ते अक्षरं झिजल्यामुळे कळलंच नाही. मैत्रिणीनं त्यावर हात फिरवला, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, "असू दे. निदान घरात तरी आहे." मला मात्र परतताना वाटेत तोच दगड आठवत होता.

दगड साफ करण्याबद्दल मी केलेली चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. मी आपली गृहिणीची अक्कल चालवून घरून तारेची घासणी आणि चिंच घेऊन गेले होते. पितळेचं भांडं जसं लख्ख निघतं तसा दगड निघेल अशी कल्पना! मैत्रिणीनं माझा हातच धरला. तारेनं झिजलेलं अक्षर उरलंसुरलं जातं. आणि संगमरवर असेल तर चिंच, लिंबू, व्हिनेगर, कुठलंही आंबट त्याला अक्षरशः खातं. संगमरवर म्हणजे चुन्याचाच भाऊ. नुसतं साधं पाणी, जुना मऊ दातांचा ब्रश आणि फडकं एवढंच वापरायचं. शेवाळ हलकेच सुटेल तेवढं काढायचं, बाकी राहू द्यायचं. खडू किंवा पीठ चोळून अक्षरं उठवायचीही गरज नसते. दगड ओला केला की पुष्कळ अक्षरं आपोआप दिसतात. नाहीच दिसली तर पर्समधला आरसा काढायचा आणि उन्हाचा कवडसा बाजूनं, तिरपा पाडायचा. खोदलेल्या अक्षरात सावली भरते आणि मघाशी सपाट वाटणाऱ्या दगडावर ओळ उभी राहते. मला तर जादूच वाटली. पायात बूट हवेत आणि हातात काठी, कारण अशा ठिकाणी जनावर निघतं. आणि पावसाळ्यात जाऊच नये.

अकरा-बारा दगड झाले. काही नुसते हिब्रूत, काही मराठीत, काही दोन्हींत. आजीच्या नवऱ्याचा दगड आधी सापडला. नाव, आडनाव, सन, सगळं स्वच्छ. त्याच्या डाव्या हाताला करवंदीखाली एक लहान काळा दगड तिरका कलला होता. खालचा कोपरा फुटलेला. पाणी ओतलं, आरसा धरला आणि मी मराठी ओळ वाचली. आधी एक नाव, मग 'भ्र.' आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव. 'भ्र.' म्हणजे भ्रतार. जुन्या कागदांत बाईचं नाव असंच लिहीत, अमकी भ्रतार अमका. पुढची ओळ फुटलेल्या कोपऱ्याबरोबर गेलेली.

मैत्रीण खालीच बसली. नाव मिळालं! मोठ्या वहिनीला नाव होतं, आणि तेही अगदी तुमच्या-आमच्या पणज्यांना शोभेल असं. पण माहेर? मराठी ओळ नवऱ्यापाशी थांबली होती.

इतका वेळ तिची तेरा वर्षांची लेक कंटाळून दगडावर बसली होती. तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. ती उठून आली आणि वरच्या हिब्रू ओळींवर बोट ठेवून म्हणाली, "मावशी, ही दोन अक्षरं म्हणजे 'इथे पुरलं आहे'. मग नाव. मग 'बत'." बत म्हणजे मुलगी. ("बेने म्हणजे मुलगे," तिनं मला शिकवलं, "म्हणून बेने इस्रायल.") ज्यूंच्या कबरीवर हिब्रूत नाव लिहिताना नवऱ्याचं नव्हे, बापाचं लिहायची चाल आहे. अमकी बत अमका. दगड एकच. मराठीत ती नवऱ्याची बायको होती, हिब्रूत बापाची लेक. मराठी ओळ तिच्या आईनं आणि मी वाचलेली, हिब्रू पोरीनं. त्या बापाचं नाव तिनं दोनदा वाचलं, मग तिसऱ्यांदा अक्षर-अक्षर सुटं करून.

शेवटी तीन अक्षरं होती. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते. पोरीनं बोटांवर हिशेब केला: चारशे, दोनशे, नव्वद, म्हणजे ६९०. पाच हजार लिहीत नाहीत, ते समजून घ्यायचे. या ६९० मध्ये १२४० मिळवले की आपला इसवी सन येतो, १९३०. त्यांचं वर्ष साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून १९२९-३० धरायचं. सासूबाईंची आई १९२२ ची. आठ वर्षांची पोर! हिशेब बरोबर जुळला. (आपल्याकडच्या जुन्या दगडांवर, ताम्रपटांवर शक असतो. त्यात ७८ मिळवायचे, ते मात्र मला येत होतं!)

तिथूनच अश्दोदला फोन लावला. सासूबाईंनी आजीचं नाव ऐकलं, मग तिच्या बापाचं नाव ऐकलं. "पुन्हा सांग," म्हणाल्या. पुन्हा सांगितलं. "आणखी एकदा." मग बराच वेळ काहीच आवाज नाही. मैत्रीण घाबरली, "आई, ऐकताय ना?" तेव्हा त्या म्हणाल्या, "ठेव आता. मी ताईला फोन करते." ताई म्हणजे ती थोरली बहीण. तिला आता पंच्याऐंशी वर्षं झाली आहेत.

गाव मात्र कळलं नाही. हिब्रूत आडनाव लिहीत नाहीत. बापाचं नाव मिळालं, पण तो केहीमकर की रोहेकर की आणखी कोण, हे त्या दगडाला विचारून उपयोग नव्हता. निघताना तिघींनी एकेक लहान खडा त्या कबरीवर ठेवला. फुलांऐवजी खडा ठेवतात त्यांच्यात. बाहेर आल्यावर हात धुतले. वाटेवर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची एक माळ घेतली. एवढ्या सगळ्यात मला कांदे सुचले म्हणून मैत्रीण हसली.

घरी आल्यावर मी हे सगळं माझ्या मामेबहिणीला फोनवर सांगितलं. ती नवऱ्याच्या नोकरीमुळे स्कॉटलंडला असते. ती म्हणाली, "अगं, इथे हे नेहमीचं. कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून लोक येतात आणि जुन्या चर्चच्या आवारात गवतात आडवे पडून दगड वाचतात." आणि तिनं जे पुढे सांगितलं ते मला फार महत्त्वाचं वाटलं. तिथल्या जुन्या कबरींवर बायकोचं माहेरचं आडनाव कोरायची पद्धत आहे. लग्न झालं, मुलं झाली, मेली, तरी दगडावर ती माहेरच्याच आडनावानं. शिवाय १ जानेवारी १८५५ पासून तिथे सरकारी नोंद सक्तीची झाली. मृत्यूच्या नोंदीत माणसाच्या आईचं नाव आणि तिचं माहेरचं आडनाव. एवढ्या एका सवयीमुळे शोध घेणाऱ्याला आईकडून आईकडे मागे जाता येतं.

आणि आपण? आमच्या यजमानांकडची मंडळी त्र्यंबकेश्वरला गेली होती. तीर्थोपाध्यायांनी वही उघडली आणि सात पिढ्या धडाधड वाचून दाखवल्या. सासरे खूश! मी मागून डोकावले. सातही पुरुष. मधूनमधून एखादी 'भार्या अमुक', बस्स. आणि ते अमुकही सासरचंच नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव काढायचं, की पाळण्यातलं नाव त्याच दिवशी पुसलं. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी किती घरांत जुनी कागदपत्रं निघाली, कोतवाल बुकं चाळली गेली, मोडी वाचणाऱ्यांना दिवस बरे आले. शोधलं काय? पणजोबा, खापरपणजोबा. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आता महाराष्ट्रात आईचं नाव सक्तीचं झालं, ते चांगलंच झालं. पण त्या आईचं माहेर त्यात कुठे आहे?

मी आमच्या सातवीच्या वर्गाला घरचा अभ्यास दिला: दोन्ही आज्यांचं पाळण्यातलं नाव, माहेरचं आडनाव, गाव, आणि त्यांच्या आईचं नाव. आमच्या वर्गात मागवाल्यांची मुलं पुष्कळ. एका पद्मशाली मुलीनं करीमनगरकडच्या आजीला फोन करून चार पिढ्यांच्या बायका लिहून आणल्या, माहेरांसकट! अस्सल भिवंडीकर म्हणवणाऱ्या आमच्या दोन-तीन पोरांची पाटी मात्र कोरी. एका मुलाची आई शाळेत विचारायला आली, "बाई, हे कशाला हवंय? काही सरकारी काम आहे का?"

ज्यांच्या घरी कबरी नाहीत त्यांनी काय वाचायचं, असं तुम्ही विचाराल. मी सांगते, भांडी वाचा. माळ्यावरची तांब्याची घंगाळं, पितळी डबे, कळश्या खाली काढा. आपल्या आज्या-पणज्यांच्या रुखवतातल्या भांड्यांवर टोकदार छिन्नीनं ठोकून नावं घातलेली असतात. देणाऱ्याचं नाव, गाव, कधी तारीख. देणारा बहुधा माहेरचाच, मामा नाहीतर काका. भांडं बायकांनी सांभाळलं म्हणून ते नाव राहिलं. भंगारात आणि मोडीत घालण्याआधी निदान अक्षरं उतरवून घ्या, फोटो काढा. इथे चिंच लावली तरी चालेल!

मी काढली. आमच्या माहेरी भावाकडे एक घंगाळ आहे, ते पणजीचं हे आम्हाला ठाऊक होतं. वहिनीनं फोटो पाठवला. काठावर नुसती तीन अक्षरं आणि 'कडून'. म्हणून मी आत्याला फोन लावला. आत्या चौऱ्याऐंशीच्या, कानानं जरा कमी, पण डोकं तल्लख. "आत्या, तुझ्या आजीचं माहेर कुठलं गं?" आधी म्हणाल्या, "कोण विचारतंय आता ते!" मग म्हणाल्या, "थांब. तिची एक बहीण चिपळूणला दिली होती. आम्ही लहानपणी तिच्याकडे गेलो होतो आंब्याच्या दिवसांत. तिचं आडनाव आठवलं की हिचं आठवेल. आज नाही येत. गुरुवारी रात्री कर."

आज मंगळवार आहे.